हॉलच्या फरश्या उठल्या, बाथरूमचे सांधे काळे पडले – अ‍ॅडेसिव्ह आणि ग्राउट कसं निवडायचं? (बडोदा)

मांजलपूरकर | शुक्र, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण डोकं भंजाळून गेलंय.

आमचा फ्लॅट मांजलपूरला, तिसरा मजला, नऊ वर्षं झाली. मे महिन्यात दुपारी साडेतीनला सगळे झोपलेले असताना हॉलमधे सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. धावत गेलो तर मधल्या दोन ओळींच्या फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या, जमिनीपासून चांगल्या बोटभर वर. दोन बाय दोन फुटाच्या व्हिट्रिफाइड आहेत, तेव्हा 'जॉइंट-फ्री पाहिजे' असं आम्हीच सांगितलेलं, त्यामुळे मधे नखही शिरणार नाही अशा चिकटवून बसवलेल्या. एक उचलून बघितली तर पाठ एकदम कोरी, धुऊन ठेवल्यासारखी. खालच्या सिमेंटवर मात्र टाइलच्या पाठीवरच्या चौकड्यांचा ठसा इतका स्पष्ट की कंपनीचं नाव उलटं वाचता येत होतं. म्हणजे नऊ वर्षं ती नुसती ठेवलेली होती का?

दुसरं बाथरूमचं. सांधे काळे पडलेत, पांढरा सिमेंट भुगा होऊन निघतोय आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आलीय. दुकानदार म्हणतो इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा रेझिनचा मसाला) मारा, ओल बंद.

कडिया (गवंडी) म्हणतो "साहेब, वर्षोथी सिमेंटमां ज बेसाडीए छीए" (वर्षानुवर्षं सिमेंटातच बसवतो), अ‍ॅडेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) म्हणजे पैसे पाण्यात. दुकानात गेलो तर चार गोण्या दाखवल्या, चारांवर चार वेगळे नंबर. गणपतीच्या आधी घर लावायचंय. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

साइटवरचा | शुक्र, रात्री ११:०५

मांजलपूरकर, तुम्ही टाइल उलटी करून बघितलीत ते फार चांगलं केलंत, उत्तर तिथेच आहे.

साधा सिमेंटचा रबडा टाइलला धरतो तो टाइलने पाणी प्यायलं तर. जुनी मोझॅक फरशी, भिंतीची सिरॅमिक टाइल या पाणी पितात. भिंतीची सिरॅमिक तर वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पिते, म्हणून ती आधी बादलीत भिजवायची पद्धत. व्हिट्रिफाइड पितच नाही म्हटलं तरी चालेल, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. मग सिमेंटने धरायचं कशाला? ठसा उमटतो, पकड येत नाही. तुमच्या फरश्या वजनावर आणि शेजारच्या फरशीच्या आधारावर बसलेल्या होत्या.

आता उठल्या का ते सांगतो. हॉल किती लांब? समजा २० फूट, म्हणजे ६ मीटर. व्हिट्रिफाइडचं प्रसरण मीटरला, दर अंशाला साधारण ६-७ मायक्रॉन. मे मधे फरशी थंडीपेक्षा २० अंशांनी तापली तर ६ मीटरमधे पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढ झाली. शिवाय खालचा काँक्रीट वर्षानुवर्षं किंचित आकसत जातो, ते वेगळंच. भिंतीपर्यंत घट्ट बसवलेल्या, मधे फट नाही, जायचं कुठे? आणि गंमत बघा, दोन ६०० मिमीच्या फरश्यांमधे ते पाऊण मिलिमीटर जमा झालं तर मधला सांधा दोन सेंटीमीटर वर येतो, भूमितीने. तुमचं बोटभर बरोबर जुळतं.

म्हणजे चुका दोन आहेत, एक पकड आणि दुसरी फट. नुसतं अ‍ॅडेसिव्ह बदललंत आणि परत जॉइंट-फ्री बसवलंत तर अर्धंच काम झालं. दोन मिमीचे स्पेसर टाका, आणि चारी भिंतींपाशी ६ ते ८ मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत पण नाही. कडिये नेमकी तीच फट उरलेल्या मालाने भरून टाकतात, तिथे उभं राहून बघायला लागतं.

---

जुना_रावपुरा | शनि, सकाळी ७:४०

आमचं रावपुऱ्यातलं घर, वडिलांनी बांधलेलं, सगळी मोझॅक फरशी साध्या चुन्या-सिमेंटात बसवलेली, एक फरशी हलली नाही. जुन्या कारागिरांना कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं. अ‍ॅडेसिव्हच्या गोणीला जे पैसे लागतात त्यात सिमेंटच्या कितीतरी येतात.

---

साइटवरचा | शनि, सकाळी ८:२०

काका, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ती फरशीच सिमेंटची, खाली सिमेंट, दोघं एकमेकांत मुरले, आणि कारागिराने नंतर आठ-आठ दिवस पाणी मारलं असणार. आज मोझॅक किंवा कोटा बसवायचा असेल तर मी पण वाळू-सिमेंटच सांगेन. माल बदलला म्हणून चिकटवायचं बदललं, एवढंच.

अ‍ॅडेसिव्ह म्हणजे पण सिमेंट-वाळूच असते मुळात, त्यात दोन वस्तू जास्तीच्या. एक सेल्युलोजचं द्रव्य, ते पाणी धरून ठेवतं. तीन मिमीचा थर, साधं सिमेंट असतं तर खालचं प्लास्टर आणि आपला उन्हाळा मिळून पाच मिनिटांत कोरडं करतील आणि सिमेंट कच्चं राहील. दुसरं पॉलिमरची पावडर, ती न पिणाऱ्या पाठीला पण चिकटते आणि थोडी लवचिक असते.

---

मोरबी_ते_बडोदा | शनि, सकाळी ११:१५

मी टाइलच्या धंद्यात आहे, मोरबीहून माल आणतो. गोणीवरच्या नंबरांबद्दल लिहितो, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच होतो.

गोणीवर आय.एस. १५४७७ बघा. हे आपलं भारतीय मानक, २०१९ मधे सुधारलं, त्यात टाइप १ ते टाइप ५. ढोबळ असं समजा: टाइप १ घरातल्या जमिनीवर साध्या सिरॅमिकला. टाइप २ व्हिट्रिफाइडला. टाइप ३ मोठ्या मापाच्या टाइलला, भिंतीवर, जुन्या टाइलवर नवी लावायला. टाइप ४ जड दगड, बाहेरची भिंत. टाइप ५ म्हणजे खाली लाकूड, पत्रा, काच असं काही असेल तर. शेजारी 'टी' असेल तर भिंतीवर टाइल खाली घसरत नाही, एस-१ एस-२ म्हणजे लवचिकपणा. काही गोण्यांवर युरोपचा नंबर असतो, सी-१ सी-२. सी-१ ला पकड कमीत कमी ०.५ न्यूटन दर चौरस मिमी, सी-२ ला १, म्हणजे दुप्पट. 'ई' असेल तर थर पसरल्यावर टाइल ठेवायला जास्त वेळ मिळतो, बडोद्याच्या मे महिन्यात त्याची खरी किंमत कळते.

तर मांजलपूरकर, हॉलला दोन बाय दोन असेल तर टाइप २ पुरे, दोन बाय चार घेणार असाल तर टाइप ३. कंपनी कुठलीही घ्या चांगलीतली, पण टाइप खालचा घेऊ नका. आणि गोणीवरची तारीख बघा, पावसाळ्यात गोदामात पडून ओल धरलेली गोणी दाबून बघितली तर आत गाठी लागतात, ती परत करा.

अजून एक, जे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. टाइलच्या पाठीवर पांढरी पावडर असते, भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून लावलेली. बोट फिरवा, बोटाला लागेल. ती ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर अ‍ॅडेसिव्ह पावडरला चिकटतं, टाइलला नाही.

---

अकोट्याची_ताई | शनि, दुपारी २:५०

मी स्वयंपाकघर नि दोन बाथरूम दोन वर्षांपूर्वी करून घेतली, त्यामुळे बाईमाणसाला साइटवर उभं राहून काय दिसतं ते लिहिते.

आमच्याकडे टाइप ३ आणलं होतं, महागातलं, आणि कडिया ते टाइलच्या पाठीवर लाडवासारखं लावत होता, चार कोपऱ्यांत चार नि मधे एक, आणि दाबून भिंतीला. मला पण तेव्हा वाटलं असंच असतं. नंतर गिझरचा पाइप बसवायला भोक पाडलं तेव्हा टाइल फाटली, मागे हात जाईल एवढी पोकळी. ती अख्खी भिंत मी परत करायला लावली. म्हणून हात जोडून सांगते, दात्याच्या थापीशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. ती थापी आपणच विकत आणून त्याच्या हातात द्यावी, गोणीच्या मानाने काहीच पैसे नाहीत. भिंतीवर चापट बाजूने आधी पातळ थर दाबून घ्यायचा, मग दात्यांनी सरळ रेघा ओढायच्या, एकाच दिशेने, गोल गोल नाही. गोल फिरवलं की आत हवा कोंडते, सरळ रेघेत ती बाजूने निघून जाते. पहिल्या दोन-तीन टाइल लावल्या की लगेच एक उखडून पाठ बघायची, कडिया चिडला तरी चालेल. बाथरूममधे जवळजवळ सगळी पाठ माखलेली पाहिजे.

ग्राउटचं पण सांगते. ओट्यामागे आणि बाथरूममधे इपॉक्सी केलं, आणि खरंच आजपर्यंत हळदीचा डाग धरलेला नाही. पण मे महिन्यात केलं आणि पूर्ण डबा एकदम कालवला, अर्ध्या तासात बादलीतच दगड झाला. शिवाय टाइलवर जो पातळ थर राहिला तो दुसऱ्या दिवशी निघेचना. इपॉक्सी थोडं थोडं कालवायचं, रेझिन-हार्डनर-पावडरचं प्रमाण वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने नाही, आणि हाताबरोबर स्पंजने पुसत जायचं, एक माणूस भरायला एक पुसायला.

---

मांजलपूरकर | शनि, रात्री ९:३०

ताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरभर लाटण्याने ठोकत फिरलो, जिथे पोकळ वाजतं तिथे खडूने फुली. हॉलमधे ६० पैकी ४१ फरश्यांवर फुली आली. म्हणजे सगळंच काढावं लागणार. मग जुन्या माळाची (फरशीखालच्या वाळू-सिमेंटच्या थराची) जाडी दीड-दोन इंच आहे, अ‍ॅडेसिव्ह तेवढं जाड भरायचं का? आणि बाथरूमला फक्त इपॉक्सी मारलं तर ओल थांबेल का, तोडफोड वाचली तर बरं.

---

साइटवरचा | शनि, रात्री १०:१५

अ‍ॅडेसिव्हने खड्डे भरायचे नाहीत, कधीच नाही. त्याची जाडी ३ ते ६ मिमी. जाड भरलं तर ते वाळताना आकसतं आणि टाइल वरखाली होतात, पैसे जातात ते वेगळेच. आधी वाळू-सिमेंटचा कोबा करून लेव्हल पक्की करा, सात दिवस पाणी मारा, मग सुकू द्या. नवा कोबा महिनाभर तरी ठेवला तर उत्तम, कारण आकसायचं ते तो तेवढ्यात बरंचसं आकसून घेतो. गणपतीची घाई असेल तर हॉल आत्ता आणि रंग नंतर असं करा, पण कोब्याचे दिवस कापू नका.

आता बाथरूम, आणि हे जरा ठासून लिहितो कारण दर पावसाळ्यात लोक यात फसतात. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. इपॉक्सी पाणी पीत नाही हे खरं, पण तुमची ओल सांध्यातून येतेय हे कशावरून? नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडाच्या) कडेने असेल, स्लॅबमधून गेलेल्या पाइपभोवती असेल, भिंतीतल्या पाइपाचा सांधा असेल. वरून इपॉक्सी मारलं तर खालच्या वाळूत मुरलेलं पाणी आतच कोंडून काकूंच्याच छतातून निघणार. तोडा. ट्रॅप आणि पाइपभोवती नीट भरून घ्या, जमीन-भिंतीचा कोपरा गोलाई देऊन घ्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा, भिंतीवर पण चढवा, शॉवरखाली डोक्याच्या वरपर्यंत. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. काकूंना विनंती करा की छत बघत राहा. त्यानंतरच टाइल.

---

विश्वामित्री_काठ | रवि, सकाळी ९:०५

धाग्यात मधेच येतोय, माफ करा. आम्ही समाकडे राहतो, तळमजला, ऑगस्ट २०२४ च्या पुरात घरात कमरेइतकं पाणी होतं. गाळ काढला, धुतलं, पण तेव्हापासून हॉलची फरशी पोकळ वाजते आणि सांध्यांतून पांढरी भुकटी येते, पुसली की पंधरा दिवसांत परत. आता बदलायचीय. अ‍ॅडेसिव्ह ओल्या जमिनीवर धरतं का?

---

साइटवरचा | रवि, सकाळी १०:३०

पांढरी भुकटी म्हणजे क्षार. खालची भरणी अजून ओली आहे, ओल वर येताना क्षार घेऊन येते आणि सांध्यात वाळते. बोअरचं पाणी कालवायला वापरलं असेल तर अजून जास्त. तुमच्याकडे अ‍ॅडेसिव्हची निवड नंतर, आधी वाळवण. फरशी नि माळ काढून जमीन उघडी ठेवा, पंखे लावा. मग जाड प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटी चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब धरले असतील किंवा खालचा भाग काळसर झाला असेल तर थांबा. नाही धरले तर पुढे जा. सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह दमट जमिनीने लगेच बिघडत नाही, पण वाहती ओल आणि क्षार कुणालाच सोडत नाहीत. आणि पाणी कालवायला नळाचं घ्या.

---

जुना_रावपुरा | रवि, दुपारी १२:१०

साइटवरचे साहेब, काल तुम्ही माझं म्हणणं मान देऊन ऐकलंत, बरं वाटलं. लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमधली मोझॅकची जमीन आम्ही लहानपणापासून बघत आलो, १८९० चा राजवाडा, अजून नजर ठरत नाही. त्यामुळे फरशी ही पिढ्यांसाठी असते हे मनात पक्कं बसलेलं. देवघरासाठी नातवाने पांढरा संगमरवर आणलाय पातळ, अर्ध्या इंचाचा, त्याला काय वापरावं?

---

मोरबी_ते_बडोदा | रवि, दुपारी १:००

काका, पांढरंच अ‍ॅडेसिव्ह घ्या, राखाडी अजिबात नको, संगमरवरातून सावली वर दिसते आणि ती जात नाही. पाठीला जाळी चिकटवलेली आहे का बघा. असेल तर सिमेंटवालं जाळीच्या रेझिनला नीट धरत नाही, तिथे इपॉक्सीचं अ‍ॅडेसिव्ह लागतं. आणि हिरवा मार्बल कुणी घेत असेल तर त्याला पण पाण्यावालं नको, तो वाकतो.

---

अकोट्याची_ताई | रवि, दुपारी ४:२०

ग्राउट किती लागेल हे कुणी लिहिलं नाही म्हणून. दुकानदार नेहमी जास्तीच देतो. हिशेब असा: टाइलची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी, त्याला टाइलची जाडी, सांध्याची रुंदी आणि १.६ ने गुणायचं, सगळं मिमीमधे, उत्तर किलो दर चौरस मीटर. ६०० बाय ६००, जाडी ९, सांधा २, तर जेमतेम १०० ग्रॅम येतं. थोडं वाया जाणारं धरा. म्हणजे मांजलपूरकर, तुमच्या हॉलला तीन-चार किलो भरपूर झालं. हॉलमधे पॉलिमरवालं सिमेंट ग्राउट चालतं, सांधा ३ मिमीपर्यंत असेल तर बारीक, त्याहून रुंद असेल तर वाळूवालं. इपॉक्सी बाथरूम नि ओट्यापुरतं ठेवा. बाल्कनीत उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, माझं पडलंय. आणि संडास-बाथरूम अ‍ॅसिडने घासायची सवय घरात असेल तर ती बंद, सिमेंटचं ग्राउट अ‍ॅसिडने विरघळतंच.

---

मांजलपूरकर | अडीच महिन्यांनी, सोम, रात्री ८:४५

काम झालं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवल्याशिवाय चैन पडेना.

बाथरूम तोडलं. पाणी भरून ठेवलं तर पहिल्याच रात्री काकूंचा फोन, पाइपभोवती ओला गोल दिसतोय. म्हणजे वॉटरप्रूफिंग मारून पण पाइपच्या भोकातून पाणी जातच होतं. परत खणलं, भरलं, परत दोन हात मारले, परत ४८ तास. या वेळी छत कोरडं. नुसतं इपॉक्सी मारून मोकळं झालो असतो तर काय झालं असतं या विचाराने अजून अंगावर काटा येतो. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन भरलं, कारण तिथे दोन भाग वेगवेगळे हलतात.

हॉलला दोन बाय चार घेतल्या, टाइप ३, दहा मिमी दात्याची थापी, शिवाय टाइलच्या पाठीला पण पातळ हात. २० किलोच्या गोणीत २८-३० चौरस फूटच झालं, दुकानदाराने ५० सांगितलं होतं. नंतर कळलं की ते ५० तीन मिमी थराचं, लहान टाइलचं. पुढच्यांनी हिशेब त्याप्रमाणे करा नाहीतर मधेच माल संपतो, आमचा दोनदा संपला. विटांसारखी अर्ध्यावर सांधा अशी रचना मनात होती, पण कडियानेच दाखवलं की लांब टाइल मधे किंचित फुगीर असते आणि अर्ध्यावर सांधा आला की कड पायाला लागते, म्हणून सरळ ओळीत लावल्या, लेव्हलच्या क्लिपा लावून. हे त्याने सांगितलं म्हणून वाचलो, त्याचं श्रेय त्याला. भिंतीकडेची फट मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर टॉर्च मारून तपासली, दोनदा मालाने भरलेली सापडली, ओली असतानाच काढायला लावली. पाणी मोजून घातलं, कालवून पाच मिनिटं ठेवलं, परत कालवलं, आणि बादलीत घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालून सैल करायचं नाही यावर एक दिवस भांडण पण झालं. थर पसरल्यावर बोट लावून बघायचं, बोटाला चिकटलं तर टाइल ठेवायची, पापुद्रा धरला असेल तर खरवडून टाकायचं, हे मुलाने मन लावून केलं.

चोवीस तासांनी ग्राउट. काल लाटणं घेऊन परत सगळीकडे ठोकलं, एकच टाइल दाराशी थोडी बोदी वाजते, त्यावर खूण ठेवलीय.

---

साइटवरचा | सोम, रात्री ९:२०

फार छान वाटलं वाचून. ती दाराशीची टाइल आत्ताच बदलून घ्या, अ‍ॅडेसिव्ह जुनं झालं की शेजारच्या दोन फुटतात. उरलेली उघडी गोणी ठेवू नका, हवेतली ओल धरते.

---

मांजलपूरकर | सोम, रात्री ९:३५

उद्याच बोलावतो कडियाला. सहा टाइल जास्तीच्या पलंगाखाली ठेवल्यात, आणि बॉक्सवरचा बॅच नंबर नि ग्राउटचा शेड नंबर कागदावर लिहून मीटरच्या पेटीत आतून चिकटवलाय.